वखराचा नांगर

आमचा पहिला रोबोट उघडायला ३५ मिनिटं लागतात हे आम्हाला कधी कळलं, तर नाशिकला एका कॉलेजच्या रोबोट फायटिंगच्या स्पर्धेत, मांडवात, पुढची मॅच २० मिनिटांवर आलेली असताना. झाकणाला २२ बोल्ट. त्यातल्या निम्म्यांचे नट आतून मोकळे, म्हणजे वरून पाना फिरवला की आतला नट पण बोल्टाबरोबर गोल गोल फिरतोय आणि बोट घालायला जागा नाही. शेवटी वायरमननं (आमचा इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्याला आम्ही वायरमनच म्हणतो) ग्राइंडर घेऊन बोल्टांची डोकी उडवायला सुरुवात केली, तेवढ्यात माइकवर आमच्या टीमचं नाव दोनदा पुकारलं आणि तिसऱ्यांदा पुकारून बाद केलं. आत बिघाड काय होता? बॅटरीचा कनेक्टर निसटला होता. बस, एवढंच. हात पोचला असता तर दोन सेकंदांचं काम.

आता पहिल्यापासून सांगतो. आम्ही अमळनेरचे. बाहेर सांगितलं की लोक म्हणतात साने गुरुजींचं अमळनेर का, नाहीतर विप्रोचं का, १९४५ ला वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झाली ती. हो तेच. पण मला विचाराल तर इथलं खरं इंजिनिअरिंग मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांत चालतं. माझ्या मोठ्या काकांचं, अख्खं गाव त्यांना नानाच म्हणतं, तसंच एक पत्र्याचं दुकान आहे. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं आणि व्होल्टेज पडलं की पाणबुड्या मोटरी जळायला लागतात, मग शेतकरी मोटारसायकलवर आडवी बांधून मोटर आणतो आणि नाना आजच पाहिजे, कपाशी सुकी ऱ्हायनी, म्हणून दारातच बसून राहतो. नवीन कंपनीची मोटर दुकानात आली की नाना ती चालते कशी हे बघतच नाहीत, आधी खोलते कशी ते बघतात. हे मी लहानपणापासून बघत आलोय आणि तरी २२ बोल्ट मारले, तर आता काय बोलणार.

रोबोट फायटिंगचं खूळ मला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला लागलं. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत मार्क थॉर्प नावाच्या माणसानं पहिली मोठी स्पर्धा भरवली, आणि त्याला हे सुचलं कशातून तर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरला रिमोट लावण्याच्या उद्योगातून. हे वाचलं आणि म्हणलं हा तर आपलाच माणूस. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टला डिसेंबरात रोबोवॉर्स होतात, बाकी कॉलेजांत पण ८ किलो, १५ किलो असे वजनी गट असतात, कुस्तीसारखे. आम्ही १५ किलो पकडला कारण ८ किलोत काही मावेना आणि त्याच्या वरच्या गटाचे पैसे नव्हते. आम्ही चौघं, आणि पैसे म्हणजे चौघांच्या घरून प्रोजेक्टच्या नावाखाली घेतलेले.

हत्यार ठरवलं ड्रम. म्हणजे रोबोटच्या तोंडाला आडवा फिरणारा लोखंडी रूळ, त्याला दात, समोरचा आला की त्याला खालून वर उडवायचं. १०० मिलिमीटर बाहेरून, १२ मिलिमीटर जाड भिंतीचा पाइप, १६० लांब, तेवढंच चार किलोच्या वर गेलं. हिशेब केला तर ६००० आरपीएमला त्यात साधारण १६०० ज्यूल साठतात. हा आकडा घरी कुणाला कळेना, तेव्हा सांगितलं की ५० किलोची सिमेंटची गोणी सव्वातीन मीटरवरून, म्हणजे आपल्या गच्चीवरून, पायावर टाकली तर जेवढा मार बसेल तेवढा. हे सांगायला नको होतं. आईनं त्या दिवसापासून रोबोटला घरात येऊ दिलं नाही.

चेसिस, म्हणजे सांगाडा, ५ मिलिमीटरच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटची, सगळी वेल्डिंग मारून. दिसायला असली दणकट की रणगाडाच. पण वेल्डिंगनं पत्रा ओढला जातो, समोरासमोरची दोन बेअरिंगं एका रेषेत राहिली नाहीत, ड्रम हातानं फिरवला की अर्ध्या फेऱ्यात जड, अर्ध्यात हलका. आम्ही म्हणलं ग्रीस घालू, फिरेल. फिरला, पण मोटरला एवढा जोर लागायचा की ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) दोनदा जळला. ड्रोनचा ईएससी होता तो, पंख्यासाठी केलेला, त्याला चार किलोचा रूळ जागेवरून उचलायला लावला तर मोटर अडखळते, करंट चढतो आणि भसकन धूर. वजन भरलं १५.९. मग स्पर्धेच्या आदल्या रात्री लॉजच्या मोरीत बसून चेसिसला भोकं पाडली, खाली मॅनेजरला वाटलं नळाचं काम चाललंय. वजन १४.९८ झालं तेव्हा पहाटेचे चार.

मॅच सांगण्यासारखी नाही पण सांगतो. समोर साधा उताराचा रोबोट, हत्यार नाहीच, नुसती पुढे ढकलायची पाती. आमचा ड्रम त्याला लागला आणि दिवाळीतल्या भुईनळ्यासारख्या ठिणग्या उडाल्या, पब्लिक ओरडायला लागलं, आम्हाला वाटलं झालं काम. ठिणग्या उडत राहिल्या, तो काही उडेना. चाळीसेक सेकंद आम्ही त्याला नुसतं घासत होतो, मग त्यानं आम्हाला भिंतीवर नेऊन आपटलं आणि आमचा रोबोट गप्प. तोच तो कनेक्टर. हरलेल्यांच्या गटात अजून एक मॅच होती, तिचं काय झालं ते वर सांगितलंच.

गोणपाटात गुंडाळून एसटीनं परत आणला. धुळ्याला गाडी बदलताना कंडक्टर म्हणे हे काय, पिठाची गिरणी का. म्हणलं हो.

नानांनी दुकानात तो टेबलावर ठेवला, ड्रमवर अंगठा फिरवला, समोरच्याच्या पात्याचा मोबाइलवर काढलेला फोटो बघितला. त्या पात्यावर नुसते ओरखडे, खोल एक पण नाही. मग म्हणाले, "हाई ते वखर शे रे भो, नांगर नई." वखर वरवरची माती खरवडतो, नांगराचा फाळ आत घुसतो. मी वादाला बसलो की नाना १६०० ज्यूल आहेत त्यात. ते म्हणाले असतील, पण दात चार ओळींत का लावले? म्हणलं जास्त दात म्हणजे जास्त मार. ते हसले आणि चहा सांगितला. दुसरा प्रश्न त्यांनी कप खाली ठेवता ठेवता विचारला, "खोलाले कितला टाइम लागस?" मी ३५ मिनिटं म्हणलो तेव्हा ते हसले पण नाहीत.

रात्री वही घेऊन बसलो. आमची चाकं १०० मिलिमीटरची, मोटर ६०० आरपीएमची, म्हणजे रोबोट सेकंदाला सुमारे ३ मीटर पुढे जातो. ड्रम ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे. एका फेऱ्यात रोबोट ३० मिलिमीटर पुढे सरकतो. ड्रमवर एकच दात असेल तर तो दात पुन्हा समोर येईपर्यंत शत्रू ३० मिलिमीटर आत आलेला असतो, मोठा घास मिळतो. दोन दात असले तर १५. आमचे चार होते, म्हणजे साडेसात, आणि ते पण समोरचा सरळ अंगावर आला तर. म्हणून तो दाताच्या वाटेत येतच नव्हता, नुसता टोकावर घासत होता. नानांना हे गणित येत नाही, पण वखर बरोबर दिसला. मला गणित येत होतं आणि दिसला नाही. त्या रात्री जाम चिडचिड झाली खरं सांगतो.

मग ठरवलं पाइप तोच ठेवायचा, बाकी सगळं मोडायचं. दात एकच. नाव पण ठरलं, नांगर.

चेसिससाठी जळगावला एमआयडीसीत गेलो. तिथं चटई आणि पाइपचे एवढे कारखाने आहेत की प्लॅस्टिकमधलं काय मागाल ते मिळतं, आम्हाला २५ मिलिमीटर जाडीचे एचडीपीईचे तुकडे किलोवर मिळाले. प्लॅस्टिकचा रोबोट म्हणलं की सगळे हसतात, पण एचडीपीई पाण्यापेक्षा हलकं आणि मार लागला की दबतं, परत येतं, लोखंडासारखं वाकून तसंच राहत नाही. एक गोष्ट मात्र आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. त्याच्या कडेत सरळ स्क्रू मारला की चार धक्क्यांत आटे सुटतात. तर मग कडेपासून थोडं आत आरपार आडवं भोक पाडायचं, त्यात १६ मिलिमीटरच्या सळईचा तुकडा घालायचा, त्या तुकड्याला मधोमध टॅप मारलेला, म्हणजे भोकात आटे पाडलेले, आणि बोल्ट कडेकडून येऊन त्या सळईत बसवायचा. घरच्या कपाटांना असतं ना तसंच. मग ओढला तरी सगळी सळईच ओढावी लागते, ती काही निघत नाही.

वरचं झाकण चार ॲलन बोल्टांवर, चारी एकाच साइजचे, एकच ॲलन की, आणि ती की दोरीनं वायरमनच्या गळ्यात. प्रत्येक चाकाची मोटर वेगळ्या डब्यात, दोन बोल्ट आणि एक कनेक्टर काढला की डबा बाहेर, दुसरा डबा तयार. बॅटरी वरूनच दिसते, पट्टा आवळलेला, आणि कनेक्टरवर झिप टाय.

आता दात. हा भाग मला सगळ्यात आवडला म्हणून जरा लांबेल. बोरी नदीच्या बाजूला एक लोहारबाबा आहेत, विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा (लोखंडी पाती) शेवटतात, म्हणजे तापवून ठोकून धार लावून देतात. ट्रॉलीच्या पाट्याचा तुकडा घेऊन गेलो, पाटा म्हणजे स्प्रिंगचं पोलाद, चिवट. पहिला दात आम्ही शहाणपणा करून स्वतःच केला होता, पाटा लाल करून नरम केला, ग्राइंडरनं आकार दिला आणि तसाच लावला. दोन टोल्यांत दाताचं टोक मशरूमसारखं पसरलं. बाबांनी तो हातात घेतला, कानशीनं एक घास मारला, कानस सरसर चालली. म्हणाले हे लोणी आहे. मग त्यांनी नवीन तुकडा भट्टीत घातला, भाता चालवायला मलाच बसवलं, मे महिना, बाहेर ४४ डिग्री आणि समोर कोळसा. नारंगी झाला तसा उचलून सरळ जुन्या इंजिन ऑइलच्या डब्यात. वासानं डोळे चुरचुरले. आता कानस लावली तर काचेवर घसरल्यासारखी घसरली, मी म्हणलं झालं बाबा, द्या. ते म्हणाले थांब, आत्ता दगडावर टाकला तर तुकडे होतील. दाताची एक बाजू दगडावर घासून चकचकीत केली आणि भट्टीच्या कडेला नुसत्या धगीवर धरला. आणि त्या चकचकीत जागेवर रंग यायला लागले, आधी गव्हाळ, मग तांबूस, मग वांग्यासारखा जांभळा, आणि जांभळ्याच्या मागून निळा सरकत आला. निळा टोकापर्यंत पोचला त्या क्षणाला त्यांनी दात उचलून बाजूला ठेवला. पुस्तकात याला टेंपरिंग म्हणतात आणि निळ्या रंगाला साधारण ३०० डिग्री लिहिलेलं असतं. त्यांनी थर्मामीटर बघितलेला पण नाही.

एका दाताचा ड्रम म्हणजे एका बाजूला जड. तसाच फिरवला तर रोबोट थरथरून स्वतःचेच बोल्ट सोडवेल. इथं नानांचं दुकान कामाला आलं. त्यांच्याकडे दोन अँगल आहेत, धार वर करून लेव्हलमध्ये समांतर बसवलेले, रोटर बॅलन्स करायला. ड्रमचा शाफ्ट त्या दोन धारांवर ठेवायचा आणि हात काढायचा. ड्रम आपोआप गडगडत दोन्हीकडे झुलतो आणि जड बाजू खाली करून थांबतो. दाताच्या समोरच्या बाजूला आतून वजन लावायचं, परत ठेवायचं. नाना स्टुलावर बसून बघत होते, मी वजन लावतोय, ड्रम झुलतोय, ते नुसती मान हलवतायत. पंखा बंद करायला लावला, वाऱ्यानं हलतो म्हणून. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटलेला. संध्याकाळी सातला कधीतरी ड्रम कसाही ठेवला तरी जिथं ठेवला तिथंच थांबायला लागला. नाना काही बोलले नाहीत, पंखा लावला.

मोटरचं सांगतो पटकन. ३८० केव्हीची ब्रशलेस, म्हणजे एका व्होल्टला ३८० आरपीएम, सहा सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, २२.२ व्होल्ट, म्हणजे मोकळी ८४०० च्या आसपास फिरते, पुलीनं १:१.४ करून ड्रमला ६००० मिळतात. व्ही बेल्ट मुद्दाम जरा ढिला ठेवला, सुरू होताना आणि टोला बसताना तो घसरतो आणि मोटर वाचते. आधी आम्ही बेल्ट तारेसारखा ताणायचो. ईएससी मोठा घेतला, तीन मॅचला पुरला. एक बॅटरी मात्र आमच्याच मूर्खपणानं गेली, फुल चार्ज करून पत्र्याच्या दुकानात मे महिनाभर ठेवली. लिपो ठेवायची असेल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणि थंड जागी ठेवतात. नानांनी उचलून बघितली आणि म्हणाले ही तर पुरीसारखी फुगली. फुगलेली लिपो परत चार्ज करायची नाही, हे मस्करीत घेऊ नका, पेटली की पाण्यानं ऐकत नाही पटकन.

टेस्टिंगला मामाच्या शेतातला कोरडा पडलेला हौद. चोपड्याकडं मामाची केळी आहे. रोबोट हौदात, आम्ही भिंतीच्या आड आडवे, आणि वरून मोबाइल काठीला बांधून व्हिडिओ. दाताचं टोक ताशी १३० किलोमीटरच्या वर पळतं, काही निसटलं तर गोळीच, म्हणून डोकं वर काढायचं नाही असा नियम. सुरुवातीला मामानं केळीचं खोड टाकलं. दात लागला आणि केळीचं पाणी हौदाबाहेर पाच-सहा फूट उडालं, सगळ्यांचे कपडे गेले, केळीचा डाग निघत नाही कशानं. मग जुन्या पंपाचं बिडाचं आवरण टाकलं. एक टोला, आणि ते वर उडून हौदाच्या भिंतीला लागून खाली आलं, दोन तुकडे. चौघं गप्प बसलो काही वेळ. तिथंच कळलं की ड्रम फुल स्पीडला असताना जोरात वळलो की एक चाक उचललं जातं. भोवऱ्याची करामत ती, फिरत्या रुळाला वाकडं केलेलं आवडत नाही. त्याला इलाज नाही, हळू वळायला शिकायचं.

आणि खोलायची प्रॅक्टिस. रोज संध्याकाळी स्टॉपवॉच लावून. झाकण, बॅटरी, एक चाकाचा डबा बदलायचा, परत झाकण. पहिल्या दिवशी ११ मिनिटं. एक दिवस मधेच लाइट गेली, नाना म्हणाले थांबू नका, मोबाइलच्या टॉर्चवर केलं. शेवटी ३ मिनिटं ४० सेकंदांवर आलो.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये परत नाशिक. वजन १४.६, लॉजच्या मोरीत झोपा काढल्या. तपासणीत रिमोट बंद करून दाखवायचा असतो, सिग्नल गेला की रोबोटनं आपोआप थांबायला पाहिजे. थांबला.

पहिली मॅच अशीच एका उताराच्या रोबोटबरोबर. या वेळी ठिणग्या नाहीत. ठक असा एकच आवाज, आणि तो १५ किलोचा गडी हवेत उलटा होऊन पाठीवर पडला. मॅच संपायला तीस सेकंद पण लागले नसतील. वायरमन रडला, तो म्हणतो नाही रडलो.

दुसरीत समोर आडवं पातं फिरवणारा. त्यानं आमचं डावं चाक मोटरसकट नेलं आणि एचडीपीईचा वितभर तुकडा ओरबाडला. आम्ही एका चाकावर गोल फिरत फिरत त्याच्या पात्याला मारलं, त्याचा बेल्ट तुटला, तीन मिनिटं संपली, निकाल आमच्या बाजूनं. पुढच्या मॅचला २५ मिनिटं. डबा बदलून, ओरबाडलेल्या जागी पट्टी मारून नवव्या मिनिटाला आम्ही चहा पीत होतो. बाजूच्या टेबलावरची पोरं ग्राइंडरनं स्वतःच्याच रोबोटची झाकणं कापत होती, मला फार वाईट वाटलं त्यांच्याबद्दल. थोडंसंच.

तिसरीत आम्ही हरलो. दुसऱ्याच टोल्याला दात धरणारा १० मिलिमीटरचा बोल्ट कातरला गेला, दात उडून काचेला, म्हणजे पॉलिकार्बोनेटला, लागून खाली पडला. दात गेल्याबरोबर ड्रम एका बाजूला जड, सगळा रोबोट धान्याच्या चाळणीसारखा हलायला लागला, मी ड्रम बंद केला. नुसतं ढकलून किती लढणार. पण मॅचनंतर तो स्वतःच्या चाकांवर बाहेर आला.

परीक्षा आटोपून मे महिन्यात दात आणि तुटलेला बोल्ट घेऊन लोहारबाबांकडे गेलो. दाताला साधा ओरखडा, धार तशीच. त्यांनी दात बाजूला ठेवला आणि बोल्टाचा कातरलेला तोंडवळा उन्हात धरून बघितला. म्हणाले, "फाळ कधी खिळ्यावर ऱ्हास का?" नांगराचा फाळ लाकडात घुसवून वरून वसू ठोकतात, लोखंडी कडं, सगळा जोर लाकूड आणि वसू घेतं, खिळा असलाच तर नुसता निसटू नये म्हणून. आमचा सगळा जोर त्या एका बोल्टावर होता. म्हणजे आता ड्रममध्ये खाच पाडायची, दात खाचेत रुतवून बसवायचा, टोला खाचेच्या भिंतीनं घ्यायचा, बोल्ट नुसता राखणीला. मी तिथंच जमिनीवर कोळशानं खाचेचं चित्र काढून दाखवलं. बाबा बघून म्हणाले खोल कर अजून.

नवीन दात कधी देता म्हणलं. त्यांच्या मागं भिंतीला टेकून शेवटायच्या पासांचा ढीग होता, वीस-पंचवीस तरी, प्रत्येकीवर खडूनं कुणाचं तरी नाव.

"पेरणी व्हऊ दे," म्हणाले, "मंग ये."